आढीत पिकलेला व्हिडिओगेम

मी एक जुना व्हिडिओगेम आहे. तोच हो, दोन्ही हातांत धरून खेळायचा, पेन्सिल सेलवर चालणारा. हसू नका, मित्रांनो. तुमच्या मोबाईलमध्ये खेळांचा बाजार भरलेला असेल, माझ्या पोटात एकच खेळ आहे. पण तो असा आहे की भल्याभल्यांना घाम फुटावा. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून म्हणाल की फसवलंस. माझं उडीचं बटण घट्ट आहे. त्याला खोट म्हणायचं की गुण, ते माझी हकीकत ऐकल्यावर तुम्हीच ठरवा.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे सगळं झटपट. कुणी पडदा बसवला, कुणी स्क्रू आवळले, आणि शेवटी एका बाईने माझी बटणं दाबून पाहिली. तेव्हा ती लोण्यासारखी मऊ होती. मग मी खोक्यात बंद झालो, आणि एका बंदराच्या गावातल्या दुकानात काचेमागे येऊन बसलो. तिथून मला यज्ञेशमामाने उचललं. मामा मालवाहू जहाजावर नोकरीला. त्याचं जहाज जयगडला लागलं, तसा तो मला पिशवीत घालून थेट आपल्या बहिणीकडे आला आणि भाचीच्या हातात देऊन म्हणाला, "हे घे, ऋजू. आता मला पत्र्याच्या डब्यातले लाडू पाहिजेत."

असा मी ऋजुताचा झालो. तेव्हा ती पाचवीत होती. घर जयगडच्या रस्त्याला, जांभ्याच्या चिऱ्यांचं. पुढे खळं, मागे आंब्याची बाग, आणि बाजूला बाबांची कलमांची रोपवाटिका. बाबा म्हणजे भास्कर. मी त्यांना बाबाच म्हणतो, कारण ऋजुता म्हणायची, आणि तिच्या आईला, हेमाला, आई म्हणतो. मला कुणी विचारलं नव्हतं, पण एकदा घरात आल्यावर माणूस परक्यासारखा किती दिवस राहणार?

आता माझ्या खेळाविषयी. त्यात एक पोरगेलासा प्राणी आहे, पाठीत वाकलेला, डोक्याकडे फुगीर. त्याचं मूळ नाव खोक्यावर छापलेलं होतं, पण ऋजुताने त्याला पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, हा तर काजू!" झालं. तेव्हापासून तो काजू. या काजूने धावायचं, उड्या मारायच्या आणि एकेक टप्पा पार करायचा. एक टप्पा होता घड्याळांच्या गावाचा. काजू चालला की घड्याळांचे काटे चालायचे, तो थांबला की तेही थांबायचे, आणि त्या काट्यांवरूनच पलीकडे जायचं. एका टप्प्यात उडी मारली की सगळं घर उलटं व्हायचं, छत खाली आणि जमीन वर. एका टप्प्यात दरीवर पूलच नव्हता. काजूने दिव्यापुढे उभं राहून आपली सावली लांब करायची आणि त्या सावलीवरूनच दरी ओलांडायची. मी हे सांगतो तेव्हा मला थोडी ऐट येते, येऊ दे. असले टप्पे कुणाच्याही पोटात नसतात.

पहिले काही महिने मजेत गेले. मग मे महिन्यात घात झाला. ऋजुता विहिरीपाशी बसून खेळत होती. काजू सावलीवरून घसरला, ती दचकली, आणि मी थेट पाण्याने भरलेल्या डोणीत. बुडबुड बुडबुड! पोरीने हंबरडा फोडला. आई धावत आली, तिने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं, आणि मग जे केलं ते रत्नागिरीतल्या बाईखेरीज कुणी करेलसं वाटत नाही. तिने मला आंब्याच्या आढीत घातलं. म्हणजे माळ्यावर भाताच्या पेंढ्यात आंबे पिकत घातलेले असतात ना, त्यांच्या मधोमध.

"आई, अगं तिथे काय?" ऋजुता रडत म्हणाली.

"अगो, आढीत केवढी ऊब असते! कच्चा आंबा पिकतो, मग ओला गेम सुकायला काय झालं?"

सुकलो, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? पण शेजारचा एक हापूस माझ्याआधी पिकला, नको तितका पिकला, आणि त्याचा रस निघाला तो नेमका माझ्या उडीच्या बटणात शिरला. मी बाहेर आलो तेव्हा पडदा लख्ख उजळला, गाणं वाजलं, डावीकडची धावायची बटणं ठणठणीत. उडीचं बटण मात्र असं चिकटून बसलं की ऋजुताचा अंगठा लालभडक व्हायचा तरी काजू जागचा हलायचा नाही. आजही मला उन्हात ठेवलंत तर त्या बटणापाशी हापूसचा वास येतो.

पोर दोन्ही अंगठे लावून रडायच्या बेताला आली होती. बाबा रोपवाटिकेतून येऊन पाय धूत होते. म्हणाले, "आण बघू इकडे." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा ठेवला आणि दाबला. टण्! काजू उडाला.

तो अंगठा काय वर्णावा! जन्मभर आंब्याची कलमं बांधून तो खडबडीत झाला होता. रायवळ आंब्याच्या कोवळ्या रोपाला चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, जोड अंगठ्याने दाबून धरायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, हे त्यांचं काम. पट्टी बसेपर्यंत अंगठा हलता कामा नये. पंचक्रोशीत लोक म्हणायचे, भास्करभाऊंच्या हाताला गुण आहे, त्यांनी बांधलेलं कलम मरत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक रीतच पडली. दिवेलागण झाली की बापलेक ओटीवर एकमेकांना टेकून बसायची. माझी डावी बाजू ऋजुताच्या हातात, उजवी बाबांच्या. "धाव तुझी, उडी माझी," बाबा म्हणायचे. एका यंत्राला दोन माणसं जुंपलेली. सुरुवातीला काजूचे काय हाल झाले म्हणून सांगू! ती धावायची तेव्हा हे उडायचे नाहीत, हे उडायचे तेव्हा ती थांबलेली. मग हळूहळू त्यांचा असा मेळ जमला की ऋजुताचा श्वास वर गेला की बाबांचा अंगठा खाली यायचा.

बाबांचा आवडता टप्पा म्हणजे रोपांचं रान. तिथे काजू जिथे उडी मारेल तिथे झाड उगवतं, आणि त्याच झाडांवरून वर चढायचं असतं. बाबा खेळण्यापेक्षा भांडायचेच जास्त. "अगो, एवढी जवळजवळ लावतात का झाडं? मुळं कुठे जायची त्यांची?"

"बाबा, ती खोटी झाडं आहेत."

"खोटी असली म्हणून काय झालं? झाड ते झाड."

आतून आई ओरडायची, "पानं वाढली हो! तुमच्या त्या काजूला म्हणावं, जरा दम धर."

करता करता ती दोघं शेवटच्या टप्प्याला पोचली. आरसेमहाल! तिथे काजूसमोर आरशातला दुसरा काजू असतो. हा उजवीकडे तर तो डावीकडे. शेवटची उडी एवढी लांब की बटण दाबून धरावं लागतं, आणि दोघे काजू समोरासमोर आले की त्याच क्षणी सोडावं लागतं. लवकर सोडलं तर खड्डा, उशिरा सोडलं तर भिंत. ऋजुता ओरडायची, "सोडू नका, बाबा, सोडू नका... आता सोडा!" पण तोवर बाबांनी कधीच सोडलेलं असायचं. मग दोघं हसत सुटायची. तो टप्पा राहिला तो राहिलाच. ऋजुताची दहावी आली, बारावी आली, आणि मग ती शिकायला पुण्याला गेली. जाताना माझ्या पडद्यावरून बोट फिरवून म्हणाली, "आल्यावर संपवू हं."

मित्रांनो, "आल्यावर" या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. ती यायची, दोन दिवस राहायची, आंबे घेऊन जायची. नोकरी लागल्यावर तर बॅग पुरती उघडायचीही नाही. आईने माझे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. त्यानंतर माझी जी गत झाली ती सांगताना लाज वाटते. खळ्यात आंबापोळी वाळत घातली की वरचं फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून आई मला त्यावर ठेवायची. वजन म्हणून! ज्याच्या पोटात आरसेमहाल आहे, त्याने दगडाचं काम करायचं. कावळे येऊन माझ्या पडद्यात आपलं तोंड पाहायचे.

मग यंदाचा शिमगा झाला, आणि एके सकाळी बाबा रोपवाटिकेतच कोसळले. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पायही हळूहळू चालू लागला, बोलणंही आलं, जरा अडखळत. पण उजवा हात आला नाही. तो मांडीवर पडून असायचा, आणि बाबा त्यावर पंचा टाकून ठेवायचे, कुणी पाहू नये म्हणून. डॉक्टरांनी बजावलं होतं की हात हलवत राहा, नाहीतर आखडून जाईल, मग काही इलाज नाही. दाबायला एक रबरी चेंडू दिला. बाबांनी तो पहिल्याच दिवशी खळ्यात भिरकावला.

ऋजुता पुण्याहून आली. दिवसभर ओटीवर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम, मधेमधे बाबांचं खाणं, औषध. ती विनवायची, "बाबा, थोडा तरी हलवून बघा ना." बाबा तोंड फिरवायचे. एकदा म्हणाले, "तो हात मेलाय, गो. मेलेल्याला कशास हलवतेस?" आणि महिपतला, रोपवाटिकेतल्या त्यांच्या जुन्या गड्याला, सांगून टाकलं की यंदा कलमं नाहीत, रोपवाटिका बंद. आई विहिरीवर गेली आणि रहाट ओढत रडली. आंबापोळीवरून मला ती सरळ दिसत होती.

तर त्या मे महिन्यात एका दुपारी लाईट गेली. इंटरनेटही गेलं. ऋजुता खळ्यात आली, आंबापोळीचा तुकडा तोडायला, आणि तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अगं बाई! काजू!" म्हणत तिने मला उचललं. फडकं उडून थेट कुंपणावर.

"मेले, माझी पोळी!" आई ओरडली. पण ऋजुता आत पळाली होती. तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, सेल काढले आणि माझ्या पाठीत घातले. मी पेटलो, मित्रांनो! किती वर्षांनी माझं गाणं वाजलं! आणि पोटातले सगळे टप्पे जिथल्या तिथे होते; तिने बाबांचं आवडतं रोपांचं रान लावलं.

ती नेहमीसारखी बाबांच्या डाव्या अंगाला, माझी उजवी बाजू त्यांना सोडून, टेकून बसली. माझी डावी बाजू धरली आणि म्हणाली, "बाबा, धाव माझी, उडी तुमची."

"तूच मार. आता मोठी झालीस."

"माझ्या अंगठ्याला नाही जमत हो. बटण घट्ट आहे."

खोटं! साफ खोटं! ती आता चोवीस वर्षांची बाई, हापूसच्या पेट्या उचलणारी. मी तिचा अंगठा ओळखतो, तिने सहज दाबलं असतं. बाबांनाही ते कळत होतं. पण ती काजूला धाववायची, खड्ड्याशी आणायची, आणि उडी न मारता आत पाडायची. पुन्हा धाव, पुन्हा खड्डा. काजू बिचारा पडून पडून दमला. शेवटी बाबांना राहवलं नाही. "अगो, मारशील त्याला," म्हणत त्यांनी पंचा बाजूला केला, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्यावर ठेवला. किती जड होता तो! जो अंगठा टण्कन दाबायचा, तो माझ्या बटणावर नुसता पडून राहिला. मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. वाटलं, स्वतःच आत जावं. पण आमचं नशीब असं की बटणाला स्वतःहून दबता येत नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. ऋजुता हिरमुसली. म्हणाली, "बाबा, उद्या मी रत्नागिरीत जाते. बाजारात एक दुरुस्तीवाला आहे. बटण साफ करून सैल करून देईल, मग तुम्हाला जोरच लागायचा नाही."

बाबांनी एकदम मान वर केली. "हात लावायचा नाही त्याला!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मोठ्याने बोलले. "सैल केलंस की ते कुणीही दाबील. मग मी कशास हवा तिथे?"

ऋजुताने हळूच माझी डावी बाजू पुन्हा धरली.

आणि रोपांच्या रानात ते घडलं. उडी नव्हे, उडीचा नुसता भास. बटण एवढंसं आत गेलं आणि काजूने टाचा उचलल्या. बाबांना दिसलं नाही, ऋजुताला दिसलं नाही, पण मला कळलं ना! पुढच्या दिवसांत काजू टाचांवरून बोटभर उडाला, मग हातभर. एक रोप उगवलं. बाबा घामाने निथळत म्हणाले, "ते बघ, लावलं." त्या दिवशी आईने न विचारता खीर केली.

पावसाळा लागला. आता आम्ही आरसेमहालात होतो, आणि नवीच अडचण उभी राहिली. बाबांचा अंगठा दाबायला शिकला, पण सोडायला विसरला होता. एकदा दाबला की दाबलेलाच. "आता सोडा!" ऋजुता म्हणायची, आणि बाबा हाताकडे बघत बसायचे. काजू भिंतीवर आपटायचा. पूर्वी लवकर सोडायचे, आता सुटेना.

असेच एकदा सकाळी ओटीवर बसलो असताना महिपत खळ्यात आला. हातात ओलं गोणपाट. त्याने ते सोडलं. आत हापूसच्या काड्या, टपोऱ्या डोळ्यांच्या, कोंब फुटायला आलेल्या.

"भाऊ, काड्या काढून आणल्या. आज बांधल्या नाय तर सुकून जातील."

बाबा चिडले. "यंदा नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाय."

बाबा काड्यांकडे पाहत राहिले. तोडलेली काडी वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. उठताना म्हणाले, "गाढवा, पाप माझ्या माथी मारतोस." ऋजुताने काजूला तसाच उडीच्या काठावर थांबवून मला पायरीवर ठेवलं, आणि मी जे पाहिलं ते पायरीवरूनच.

बाबा खळ्यात येऊन बसले, तशी महिपतने रोपाची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यानेच चीर दिली, काडी तासून बसवली. "दाबा, भाऊ." ऋजुताने बाबांचा अंगठा जोडावर ठेवला. तो हळूहळू खाली गेला, आणि त्याने जोड दाबला. पट्टी गुंडाळायला आई पुढे झाली. जन्मभर नवऱ्याचं पाहिलेलं, स्वतः कधी केलेलं नव्हतं. "सोडू नका, बाबा," ऋजुता पुटपुटत होती, "सोडू नका..." आईने वळसे दिले, गाठ मारली. "आता सोडा."

अंगठा सुटेना. ओढून काढावा तर जोड हलणार, काडी जाणार. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. कुणाला काय करावं कळेना. मग आईने आपला हात त्यांच्या अंगठ्याशेजारी जोडावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "सोडा हो. मी धरलंय."

आणि तो सुटला.

बाबा लहान मुलासारखे रडले. आई तर जोड धरून, डोळे पुसायलाही हात मोकळा नाही, तशीच रडली. महिपत नाक शिंकरत दुसरं रोप आणायला गेला. मला कुणी दाबलं नव्हतं, सोडलं नव्हतं, तरी पायरीवर पडल्या पडल्या मला वाटलं की ही माझीच उडी होती.

सगळी कलमं काही झाली नाहीत. थोडी झाली. त्यातली काही मेली, बाबांच्या हातची पहिल्यांदाच. पण त्या पहिल्या कलमाला तांबूस पालवी फुटली, आणि बाबांनी ती पिशवी ओटीवर माझ्याशेजारी आणून ठेवली, उजव्या हाताने, धडपडत. रोपवाटिका बंद करण्याचा विषय नंतर कुणी काढला नाही.

गणपती झाले आणि ऋजुताला पुण्याला परतावं लागलं. मला वाटलं, झालं, पुन्हा आंबापोळी. तिने मला बाबांच्या हातात दिलं. बाबा म्हणाले, "ने तुझ्याबरोबर. तू नाहीस तर डावीकडे कोण?"

आईने हात पदराला पुसले, बाबांच्या डावीकडे येऊन बसली आणि चष्मा लावून म्हणाली, "सरका जरा. कुठलं दाबायचं गो, ऋजू, सांग बघू. धाव माझी ना?"

आणि तिने पहिल्याच फटक्यात काजूला उलट्या दिशेने पळवून खड्ड्यात घातला. बाबा इतके हसले की उजवा हात आपोआप पोटावर गेला.

तर मित्रांनो, बटणाचं आता तुम्हीच ठरवा. माझी एवढीच विनवणी आहे. घरातली वस्तू जुनी झाली, घट्ट झाली, हळू झाली म्हणून तिला फेकू नका, आणि माणसाला तर नाहीच नाही. त्याचं काम काढून घेऊन त्याला सुख दिलं असं समजू नका. शेजारी बसा. धाव तुम्ही घ्या, उडी त्याच्यासाठी राखून ठेवा.

आरसेमहाल? तो अजून बाकी आहे. आई भिंतीकडे पळते आणि बाबा अजून उशिरा सोडतात. मला घाई नाही. नवे सेल आणायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे आमच्या भिंतीवरचं घड्याळ रोज दिवेलागणीला थांबतं, आणि त्याबद्दल या घरात कुणाचीही तक्रार नाही.